ज्वारीत टांगलेला आवाज

थंडी पडली की दौंडातल्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना हुरडा आठवतो. मला एरर आठवतात.

परवा मांडवगण फराट्याला निघाले होते. एसटीच्या दोन्ही अंगांना ऊस, मध्येच कुठेतरी तोड चाललेली, पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि त्याच्या स्पीकरवर छाती हादरवणारं गाणं. त्या उसाच्या गर्दीत अचानक ज्वारीचा एक तुकडा लागला. कणसं नुकती निसवलेली, आणि त्यांच्यावर काठ्यांना दोऱ्यांनी टांगलेल्या सीड्या. वारा आला की त्या गर्रकन फिरतात आणि ऊन त्यांच्यावरून उडून थेट बसमधल्या माणसांच्या तोंडावर येतं. पाखरं त्या चमकण्याला बिचकतात, म्हणून हा उद्योग. आता कुणाच्या घरात सीडी वाजत नाही, त्यामुळे जुन्या सिनेमांच्या, लग्नांच्या, देवादिकांच्या सीड्या अशा शेतात कामाला लागल्या आहेत. शेजारच्या बाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. मी मात्र मान वळवून तो तुकडा दिसेनासा होईपर्यंत बघत बसले.

मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षीची ती थंडी मला काही केल्या सोडत नाही. नोकरी संपली की माणसं तीर्थाला जातात, गुडघे दाखवून येतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. मी सीड्या रिप करत बसले होते. रिप करणं म्हणजे सीडीवरचं गाणं कॉम्प्युटरमध्ये फाईल म्हणून उतरवून घेणं. ऐकायला सोपं आहे. सीडी घालायची, बटण दाबायचं, चहा टाकून यायचं. माझा चहा त्या थंडीत कितीदा निवला याचा हिशेब नाही.

त्या सीड्या अक्काच्या होत्या. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मांडवगणला दिलेली. तिची आणि दाजींची गायन पार्टी होती. अक्का गायची, दाजी ढोलकी वाजवायचे, आणि पेटीला दाजींचा एक चुलतभाऊ. एप्रिल लागला की जयंतीचा सीझन सुरू व्हायचा आणि पार जूनपर्यंत चालायचा, कारण प्रत्येक गाव आपल्या सोयीनं जयंती धरतं. आज वरवंड, उद्या तळेगाव ढमढेरे, परवा कुठलीतरी वस्ती. निळ्या पताका, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज, डोक्यावर लटकणारा बल्ब आणि त्याच्याभोवती किडे. अक्का पांढरी साडी नेसून उभी राहायची आणि पहिला सूर लावायच्या आधी घसा साफ न करता नुसती एकदा दाजींकडे बघायची. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, ती त्यांची परवानगी घेते. पुढे कळलं की ती त्यांना तयार राहायला सांगत असे.

आज अक्काला आवाज नाही. सीझनमागून सीझन गाऊन तिच्या घशात गाठी आल्या, ऑपरेशन झालं, गाठी गेल्या आणि मागे राहिली ती नुसती फुसफुस. तिचं बोलणं ऐकायला जवळ बसावं लागतं, आणि पंखा चालू असेल तर तो बंद करावा लागतो. दाजींना हाक मारायची झाली तर ती स्टीलचा पेला फरशीवर आपटते. मी रोज फोन करते तेव्हा मीच बोलते. ती फोनवर नखानं टकटक करते. एकदा वाजलं तर हो, दोनदा वाजलं तर नाही, आणि सारखं वाजायला लागलं तर समजायचं की पुरे झालं, फोन ठेव.

निवृत्तीनंतर चार दिवस तिच्याकडे राहायला गेले होते. दुपारी ओसरीवर हरभरा सोलत बसलो होतो. मी आपली शाळेच्या निरोप समारंभाची गंमत सांगत होते. मध्येच तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या फुसफुशीत म्हणाली, “सुनंदे, मला माझा आवाज आठवंना झालाय.”

मी विचारलं, “म्हणजे काय गं?”

“म्हंजी आठवंना. डोळं मिटती, आठवाया बघती. गाणं येतंय ध्यानात, शबुद येत्यात. आवाज न्हाई येत.”

हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं की रडूनही नाही. भाजीत मीठ कमी पडलंय, असं सांगावं तसं सांगितलं आणि पुन्हा घाटे सोलायला लागली.  आपलं माणूस आपल्याला आठवत नाही हे दुःख मला कळतं. आपण स्वतःलाच आठवत नाही, हे कुठल्या खात्यात टाकायचं? मी तिथेच ठरवलं की अक्काला तिचा आवाज ऐकवायचा.

आणि आवाज होता. पार्टीची एक सीडी निघाली होती. दौंडातल्या एका छोट्या स्टुडिओत ती रेकॉर्ड झाली होती. झाकणावर अक्काचा फोटो, मागे निळा झेंडा. तो स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला, त्याचा मालकही कुठे गेला ठाऊक नाही. मोबाईलवर जो तो रेकॉर्डिंग करायला लागला तोवर अक्काचा घसा बसला होता. माझी प्रत कोकणातल्या बदल्यांमध्ये कुठेतरी राहून गेली. राहिल्या होत्या त्या अक्काच्या घरातल्या.

दाजींना विचारलं तर ते हसले. दाजींचं माझ्याशी बोलणं मेव्हणीशी बोलावं तसंच, अर्धं थट्टेत. म्हणाले, “सीड्या हायत की, मास्तरीणबाई. कामाला लावल्यात.” आणि त्यांनी शेताकडे बोट केलं.

सगळ्यांचा ऊस असताना दाजी हट्टानं घरच्या भाकरीपुरती ज्वारी करतात. त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या शिवारातली पाखरं त्या एका तुकड्यावर तुटून पडतात. तिथे, कणसांवर, माझ्या बहिणीचा आवाज दोऱ्यांनी टांगलेला होता. उन्हात, धुळीत, दवात. काही सीड्या काठीवर आपटून कडेला फुटल्या होत्या. माझा संताप संताप झाला. मी दाजींना बोलू नये ते बोलले. घरातला एवढा ठेवा आणि तुम्ही त्याचं बुजगावणं केलंत, वगैरे. दाजी मुकाट ऐकून घेत होते. अक्का बांधावर उभी होती. मी एकेक दोरी सोडत होते आणि ती मला ना थांबवत होती ना मदत करत होती. मला वाटलं, हिला नवऱ्याची लाज वाटतेय.

त्या सीड्या मी टॉवेलात गुंडाळून दौंडला आणल्या.

त्यानंतरचे दिवस माझे आणि त्या जुन्या कॉम्प्युटरचे. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, म्हणून माळ्यावरचा अवजड डबा खाली काढला. पहिली सीडी आत गेली, घरघरली आणि तशीच बाहेर आली. दुसरीचंही तेच. कॉम्प्युटर म्हणे, कृपया डिस्क घाला. अरे, घातली आहे ना! मग कळलं की सीडी आतून बाहेर वाचली जाते. अगदी आतल्या कड्यावर गाण्यांची यादी असते, आणि तीच खराब झाली तर पुढची गाणी शाबूत असूनही यंत्राला ती सीडी कोरी वाटते. दोरीची गाठ नेमकी तिथे घासली गेली होती.

तिसरी वाचली गेली. मी सोप्यातला सोपा प्रोग्रॅम लावला, भराभर गाणी उतरली, आणि ऐकते तर प्रत्येक ओळीत टकटक. अक्का गातेय आणि कुणीतरी तिच्या गाण्यात चणे फोडतंय. मग मी शिकत गेले. पुसताना गोल पुसायचं नाही, मधून कडेकडे सरळ पुसायचं. साबणाचं पाणी चालतं. ओरखडा कडेपासून मध्याकडे सरळ असेल तर यंत्र सांभाळून घेतं, पण गोलाकार असेल तर अख्खा शब्द जातो. खालच्या बाजूचे ओरखडे टूथपेस्टनं थोडे घासले जातात. छापील बाजू खरवडली असेल तर मात्र हात जोडायचे, कारण गाणं त्या छपाईच्या लगेच खाली असतं. सीडी उजेडाकडे धरली की अशा जागी टाचणीएवढी भोकं दिसतात. मी प्रत्येक सीडी खिडकीत धरून बघितली. माझ्या सुनेला वाटलं असणार की आई निवृत्तीनंतर ग्रहणं बघायला लागल्या.

मग दुसरा प्रोग्रॅम मिळाला. तो हट्टी होता. एखादी जागा नीट वाचता आली नाही की पुन्हा वाचायचा, पुन्हा वाचायचा, दोनदा तेच उत्तर येईपर्यंत पुढे जायचा नाही. एका गाण्याला दुपार जायची. पट्टी पुढे सरकायची, थांबायची, लाल व्हायची. शाळेत काही मुलं असतात, आकलन होईपर्यंत पान उलटत नाहीत. त्यांचा मला तेव्हा कंटाळा यायचा. या प्रोग्रॅमचा मात्र मला आधार वाटायला लागला.

सगळ्यांत अडलं ते तिसऱ्या गाण्यावर. ते गाणं अक्कानं माझ्यावर बांधलं होतं. मी नोकरीला कोकणात निघाले तेव्हा.

“धाकली निघाली गं दूरच्या गावाला,
सांगा तिच्या शाळेला, जपा माझ्या जिवाला.”

बाकी सगळ्या गाण्यांत झेंडे, सभा, शाळा, संघर्ष. हे एकच असं, घरातलं. ते जयंतीत गायला पार्टीतल्यांचा आधी विरोध होता म्हणे. अक्कानं ऐकलं नाही. म्हणाली, पोरगी शिकून नोकरीला लागली ही काय जयंतीबाहेरची गोष्ट आहे का?

कोकणात माझी पहिली शाळा डोंगराच्या कुशीत होती. भाड्याची खोली, कौलांवर सतत काहीतरी पडत असायचं. भाषा मराठीच, पण माझ्या ‘हाय’ आणि ‘व्हय’ला पोरं तोंड दाबून हसायची. काही वर्षांनी अक्काची सीडी आली आणि मी त्या वर्षीच्या पगारवाढीतून एक प्लेअर घेतला. शाळेतून आले की तिसरं गाणं लावायचं. अक्काचा तो उंच, नाजूक, तारेसारखा आवाज खोलीत भरायचा आणि मला हुंदका यायचा. घरी ऐकलेला आवाज याहून जाड होता, हे मला कळत होतं. पण फोटोवाला फोटोत माणसाला थोडं गोरं करतोच. सीडीत आवाज असाच येत असेल, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. कितीतरी पावसाळे मी त्या आवाजावर काढले.

आता त्याच गाण्यात, ‘जिवाला’ या शब्दावर अक्का जिथे सूर लांबवते तिथेच, प्रत्येक सीडी अडत होती. एकीवर तिथे भोक, दुसरीवर गोल ओरखडा, तिसरीवर काय ते कळेना. प्रोग्रॅममध्ये एक सोय होती: जे वाचता येत नाही ते आजूबाजूच्या सुरावरून अंदाजानं भरून काढायचं. मी ते करून पाहिलं. सूर सलग आला. ऐकणाऱ्याला कळलंही नसतं. पण मला ते चैन पडू देईना. त्या टिचभर जागेत अक्का नव्हती, कॉम्प्युटर होता. ज्या बाईला आपला आवाज आठवत नाही तिला मी दुसऱ्याच कुणाचा तरी सूर तिचा म्हणून ऐकवणार होते का? मी ती फाईल काढून टाकली आणि पुन्हा सीड्या पुसायला बसले.

शेवटी कडेला टवका उडालेल्या एका सीडीनं दाद दिली. शेवटची गाणी तिच्यावरून गेली होती, पण तिसरं गाणं आतल्या बाजूला असल्यामुळे वाचलं होतं. पट्टी ‘जिवाला’पाशी आली, अडली, घरघरली आणि सुटली. खाली हिरवी खूण आली: एकही एरर नाही. मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. एक गाणं या सीडीवरून, दुसरं त्या सीडीवरून, असं करून दोन सोडता सगळी गाणी जमली.

दुसऱ्याच दिवशी मी सुनेचा लॅपटॉप घेऊन मांडवगणला गेले. ओसरीवर अक्काला बसवलं, दाजींना शेतातून बोलावलं, आणि मोठ्या थाटात तिसरं गाणं लावलं.

अक्का ऐकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, जसं आपण दिलेलं लुगडं कुणी उलगडताना बघतो. तिचा चेहरा उघडला नाही, मिटत गेला. ‘जिवाला’ आलं, इतक्या दिवसांच्या कष्टानं सोडवलेलं, स्वच्छ, सलग. ती उठली. चप्पल न घालता ज्वारीकडे चालत गेली आणि तिथे उगाच कणसं चाचपत उभी राहिली.

मला आधी काही कळेना, मग राग आला. मी दाजींना म्हणाले, “हिला झालं तरी काय? एवढं जीव तोडून केलं मी.”

दाजींनी गाणं बंद करायची खूण केली. बराच वेळ तंबाखू मळत राहिले, ती तोंडात टाकलीच नाही. मग म्हणाले, “तो तिचा आवाज न्हाई, बाई.”

“मग कोणाचा आहे?”

“तिचाच हाय. पर पळवल्याला.” ते म्हणाले, “रेकॉर्डिंग झालं, आन् त्यो स्टुडिओवाला म्हनला, ताईंचा आवाज जाड येतुय. बाईचा आवाज नाजूक लागतो, वर लागतो, तवाच माल उठतो. त्यानं मशीनवर सगळं जरा पळवलं. आवाज चढला. आमाला काय म्हाईत? सीडी हातात आली, वर फोटू, खाली नाव. आमी पेढं वाटलं. मग घरी लावली. ही ऐकत व्हती. गाणं सपलं आन् मला म्हनली, ही कोन वो?”

मी लॅपटॉपकडे बघितलं. दाजींनी तिकडेच बोट केलं.

“माझी ढोलकी ऐका की नीट. टिमकीवानी वाजती. एवढ्या वरच्या सुरात ढोलकी कवा लावली व्हती मी?”

मी गाणं अगदी हळू पुन्हा लावून कान दिला. खरंच होतं. इतकी वर्षं ऐकूनही मला ढोलकी ऐकू आली नव्हती.

“आता तुमी म्हनाल, मग काय झालं एवढं?” दाजी म्हणाले. “सीडी चालली. लई चालली. आन् मग आमी ज्या गावात जाऊ तितली पोरं म्हनायची, ताई, सीडीत लई वर गाता, हितं का खाली? बॅटरी उतरली का? लोक हसायचे. एकदा झालं, दोनदा झालं. मग एका गावात स्टेजवरच ही पेटीवाल्याला म्हनली, काळी चार धर. हिची पट्टी त्याच्या खालची, पेटीची काळी तीन. जल्माची काळी तीन. त्या दिसापासनं काळी चार. गळ्याच्या शिरा तट्ट व्हायच्या. मी म्हनायचो, आगं, खाली घे. ती म्हनायची, लोकं मला ऐकाया न्हाई येत, तिला ऐकाया येत्यात.”

एवढं बोलून दाजींनी तळव्यावरची तंबाखू झटकून टाकली. “आन् त्या दिसी शेतात तुमी मला बोलला, ते बरूबर हाय तुमचं. पर सीड्या म्या न्हाई टांगल्या. तिनं टांगल्या. सोताच्या हातानं, येक येक.”

मी शेतात गेले. अक्काजवळ उभी राहिले. काय बोलावं ते कळेना, म्हणून मूर्खासारखं विचारलं, “का टांगल्यास गं?”

तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. “येवढ्या वरच्या आवाजाला पाखरं तरी भित्यात का बघितलं.” आणि हसली. तिच्या हसण्यालाही आता आवाज नाही, नुसते खांदे हलतात.

त्या दिवशी परतताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून रडले. मला राग काढायला एक माणूस हवा होता. तो स्टुडिओवाला डोळ्यांपुढे आणला, पण त्यानं तर तिचं भलंच करतोय असं समजून बटण फिरवलं असणार. ‘बॅटरी उतरली का’ म्हणणाऱ्या पोरांनाही काय ठाऊक? त्यांना सीडीतली ताई आवडत होती. मला तरी दुसरी कोण आवडत होती? ‘एकही एरर नाही’ असं त्या हट्टी प्रोग्रॅमनं मला छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्याचंही खोटं नव्हतं. सीडीवर जे होतं ते त्यानं अक्षर न अक्षर उतरवलं होतं. चूक सीडीच्या आधीची होती. ती कुठल्या कापडानं पुसायची?

असे प्रश्न मला अजून पडतात. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे स्क्रीनवर हिरवी खूण येते आणि माणूस निर्धास्त होतो. मी होत नाही. मला वाटतं, विचारावं, बाबा रे, मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी कोण हजर होतं?

उपाय मात्र पोरखेळाइतका सोपा निघाला, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. आवाज दुरुस्त करायचा एक फुकट प्रोग्रॅम असतो, त्यात गाण्याचा वेग कमी करता येतो. वेग उतरला की सूरही उतरतो. जे एका माणसानं चढवलं ते दुसऱ्याला उतरवता येतं, एवढंच. त्यासाठी अक्काला तिचा घसा घालवायची काही गरज नव्हती. पण कुठवर उतरवायचं, हे कॉम्प्युटर सांगत नाही. अंदाजानं उतरवलं असतं तर मी आणि तो स्टुडिओवाला सारखेच.

म्हणून पुढच्या खेपेला दाजींनी विहारातली पेटी डोक्यावर घेऊन आणली. उन्हं कलली होती, ओसरीत ऊन आलं होतं. पेटीवाले चुलतभाऊ आता नाहीत, म्हणून भाता दाजींनीच धरला. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. अक्का यायला तयार नव्हती. तिनं आतून दोनदा पेला आपटला.

मी दारातूनच म्हटलं, “अक्का, ती बाई नको आहे मला. तू ये.”

बऱ्याच वेळानं आली. बसली. पेटीवरून हात फिरवला, धूळ पदरानं पुसली. आणि मग न बघता, अंधारात आपल्या घरची कडी सापडावी तसं, तिचं बोट काळी तीनवर जाऊन थांबलं. दाजींनी भाता हलवला. सूर आला. ती तो सूर धरूनच बसली. मी गाण्यातला पेटीचा सुरुवातीचा सूर लावला, तो वर, उपरा. वेग थोडा उतरवला. अक्कानं मान हलवली, अजून खाली. अजून थोडा. अजून. दोन सूर जवळ येताना त्यांच्यात एक थरथर असते, ती मला पहिल्यांदाच ऐकू आली. थरथर संथ होत गेली. मग ती थांबली. अक्कानं हात वर केला.

मी गाणं पहिल्यापासून लावलं.

ढोलकी आधी आली, भरदार, दाजींची. आणि मग अक्का. जाड, थोडा खरखरीत, पोटातून येणारा आवाज. शेणानं सारवलेल्या अंगणातून ‘सुनंदे, जेवाय चल’ म्हणणारा. मला तो ओळखायला क्षणही लागला नाही, आणि त्याच क्षणी कळलं की कोकणातल्या खोलीत मी जिच्यासाठी रडत होते ती ही नव्हती. ‘जिवाला’वर तिनं सूर लांबवला. माझ्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्या अक्काची छाती त्याच वेळी भरली आणि त्याच वेळी रिकामी झाली. ओठ हलत होते. श्वास कुठे घ्यायचा ते तिला सगळं येत होतं. नुसती हवा बाहेर पडत होती, पण ती सुरात होती असं मी म्हणेन, कुणी हसलं तरी चालेल.

दाजी भाता सोडून मांडीवर बोटं वाजवत होते, खाली बघून.

गाणं संपलं. अक्कानं पुन्हा लाव, अशी खूण केली. पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, “व्हय.” इतकंच. कुणी फाटकाशी येऊन ‘अमक्या इथंच राहतात का’ विचारावं आणि आपण सांगावं, तसं.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. आवाज परत मिळाला म्हणजे गळा परत मिळत नाही. आता अक्का ते गाणं रोज ऐकते असंही नाही. कधीकधी ऐकता ऐकता मध्येच बंद करते, आणि मग दिवसभर कुणाशी टकटकही करत नाही. मला काळजी वाटते की मी तिला जे दिलं ते आधी नव्हतं तेच बरं होतं का. आठवत नव्हतं तेव्हा काय गेलं ते तिला दिसत नव्हतं. आता दिसतं. फोनवर एकदा विचारलं, अक्का, मी चुकले का?  मग दोनदा टकटक आली. नाही. पण त्या दोन टकटकींमध्ये बरंच अंतर होतं.

पेटी आणली होती त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. सगळी गाणी उतरवून झाली होती. लॅपटॉपवर प्रत्येक गाण्याच्या दोन फायली दिसत होत्या, सीडीतली आणि ही नवी. दोन्हींवर मी अक्काचं नाव घातलं होतं. अक्का वाकून बघत होती. तिला वाचता येतं. विहारातल्या प्रौढ वर्गात शिकली आहे. तिनं जुन्या फाईलवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “पुसून टाकू?”

माझा आवाज मलाच बारीक वाटला. तिला कळलं. कोकणातली ती खोली तिनं कधी पाहिली नव्हती, पण त्या गाण्यावर मी तिथे कसे दिवस काढले हे मी तिला पत्रांमधून कळवत असे.  मग कानाशी आली.

“तुला लागती तर ठिव. तिनं तुला संबाळलंय.” श्वास घ्यायला थांबली. “पर माझं नाव काढ तिच्यावरनं.”

मी नाव खोडलं. एंटर दाबलं तर कॉम्प्युटर ऐकेना. फाईलला काहीतरी नाव द्यावंच लागतं, म्हणाला. रिकाम्या चौकटीत रेघ लुकलुकत राहिली. अक्का बघत होती, दाजी बघत होते. मी तिथे माझं नाव लिहिलं.